नसलेल्या गाठीचा नवस

यातलं अर्धं माझ्या नवऱ्याला माहीत आहे, थोडं डॉक्टरांना, आणि ज्यांना सगळं माहीत असायला हवं त्यांना काहीच नाही. सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, असं मी हे आजवर कुणापुढे बोललेले नाही. तुमच्यापुढे बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि आमच्या घरी जेवायला येण्याचा तुमचा प्रसंग नाही. जेवायचं का म्हणतेय, ते पुढे कळेल.

आधी सोपं ते सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी त्याच्याभोवतीच घुटमळतेय. माझ्या छातीत बरीच वर्षं सिलिकॉनच्या दोन पिशव्या होत्या. आजारपणातून आलेल्या नव्हेत—मुद्दाम, हौसेनं, ऑपरेशन करून बसवून घेतलेल्या. हसायचं तर हसा. मी नवीन पनवेलला पार्लर चालवते. दिवसभर दुसऱ्यांच्या भुवया कोरायच्या, नवऱ्या मुली सजवायच्या, तेव्हा दिसण्याचं वेड माझ्या धंद्यातच आहे म्हणा. पण खरी चीड आणणारी गोष्ट अशी की बाहेरून काही फरक पडणारच नव्हता. मी कॉलेजपासून पॅडची ब्रेसियर घालत आले होते. जगाला जेवढं दिसायचं तेवढं आधीही दिसतच होतं. मग एवढा खटाटोप कुणासाठी? आरशासाठी? महेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कधी तक्रार केली नव्हती. मग? उत्तर मला माहीत आहे, आणि ते फार क्षुद्र आहे.

माझ्या सासूबाई—मी त्यांना आईच म्हणते—बेलपाड्याच्या. खारघरच्या इमारती उठायच्या आधीचं बेलपाडा, भाताची खाचरं आणि खाडी असलेलं. माझी स्वतःची आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे माझं बाळंतपण सासरी झालं, आणि ते या आईंनी केलं. तेल चोळणं, कढत पाण्यानं न्हाऊ घालणं, शेक देणं—कशात म्हणून कमी केलं नाही. तेव्हा आम्ही जुन्या पनवेलात राहायचो. एक दिवस आळीतल्या बायका बाळ बघायला आल्या आणि आई मोठ्या कौतुकानं त्यांना म्हणाल्या, "छातीला काय नाय माझ्या सुनेच्या, पन दूध बघा, अख्ख्या आळीला पुरंल."

बायका हसल्या. आईही हसल्या. त्यांनी ते अभिमानानं म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कौतुक दुधाचंच होतं. पण माझ्या कानात पहिलं अर्धंच राहिलं. छातीला काय नाय. मी ते धरून ठेवलं. मुलगी शाळेत जायला लागली, आम्ही नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आलो, पार्लर चालू लागलं—आणि मी ते धरूनच होते. अशा गोष्टी धरून ठेवायला मी पक्की आहे. ज्या बाईनं मला पोटच्या पोरीसारखं न्हाऊ घातलं, तिचं एक वाक्य मला सोडवत नव्हतं, याला काय म्हणायचं?

२००७ च्या सुमारास पार्लरमधल्या एका गिऱ्हाईक बाईनं सांगितलं की तिनं मुंबईत जाऊन हे करून घेतलं. झालं. माझं ठरलं. महेश बंदरात शिफ्टची नोकरी करतो, कामावरून आला, जेवला, मी सांगितलं, तर म्हणाला, "तुला हवं तर कर, वर्षा. आईला मात्र कळू देऊ नकोस." एवढं बोलून तो झोपायला गेला. आता मला सांगा—एका घरात, एका बाथरूममध्ये, छातीला पट्ट्या बांधलेली बाई सासूपासून काय लपवणार? हात वर करता येणार नाही, भाकरी थापता येणार नाही, पोरीला उचलता येणार नाही. काहीतरी सांगावं लागणारच होतं. मी सांगितलं, डाव्या बाजूला छातीत गाठ आहे. साधीच आहे. काढायची आहे. आणि वर—हे मला कुणी सांगायला सांगितलं होतं?—वर म्हणाले, "कॅन्सरची नाही, आई, घाबरू नका."

म्हणजे तो शब्द त्यांच्या डोक्यात घातला तोही मीच.

ऑपरेशन झालं, घरी आले. ड्रेसिंगला हात लावायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, असं सांगून आईंना लांब ठेवलं. महेशनं रजा काढली होती. सगळं माझ्या मनासारखं पार पडलं, आणि मी स्वतःवर खूशही होते. मग बऱ्याच दिवसांनी घरात जिताडा आला. जिताडा म्हणजे आमच्या भागातल्या माशांचा राजा, आणि आई म्हणजे जिताड्याचं डोकं दुसऱ्या कुणाला मिळू न देणारी बाई. कालवण झालं. आईंनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतःच्या ताटात वरण घेतलं. मी विचारलं, तुम्ही नाही घेतलंत? तर म्हणाल्या, "मी म्हावरं सोडलं."

महेशनं विचारलं, कधीपर्यंत?

"कधीपर्यंत काय? सोडलं ते सोडलं. गावदेवीला बोललेय, माझ्या वर्षाची छाती नीट राहू दे, मी तोंडाला म्हावरं लावनार नाय."

ज्यांच्या घरी हे असतं त्यांना सांगायला नको. देवाला सोनं-नाणं द्यायला नसतं, तेव्हा माणूस आपली सगळ्यात आवडती वस्तू सोडतो. कुणी चहा सोडतं, कुणी आंबा. आईंच्या आयुष्यात आवडती म्हणावी अशी एकच वस्तू होती. मटण त्या शेजारधर्म म्हणून खायच्या. म्हावरं हे त्यांचं जेवण. आणि ते त्यांनी माझ्या एका नसलेल्या गाठीसाठी सोडलं. मी आणि महेशनं एकमेकांकडे बघितलं. मग महेशनं भाताचा घास केला. मीही केला.

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला कळत नाही असं समजू नका. मला सगळं कळतं, म्हणून तर वैताग आहे. आई म्हावरं आणायच्या तशाच, साफ करायच्या तशाच, आणि कालवण शिजलं की डाव मला द्यायच्या—"मीठ बघ गो." कारण त्यांना चाखून बघता येत नव्हतं. दर खेपेला मी चाखायचे आणि बरोबर आहे म्हणायचे. आणि आता जे सांगणार आहे ते महेशलाही माहीत नाही. पहिल्या पहिल्यांदा मला ते चाखताना थोडं बरं वाटायचं. छातीला काय नाय म्हणालात ना? मग भोगा. असं अगदी या शब्दांत नाही, पण असंच. ते बरं वाटणं पुढे गेलं, पण होतं, हे खरं आहे. आई आजही आहेत, आजही वरण-भात खातात.

पुढची काही वर्षं मी पिशव्या विसरले. त्या दुखत नव्हत्या, खुपत नव्हत्या. मग डावी बाजू घट्ट व्हायला लागली. आधी वाटलं झोपताना अवघडलं असेल. मग ती वर सरकायला लागली, उजवीपेक्षा उंच, आणि हाताला लागायची ती कच्च्या पेरूसारखी. कुशीवर झोपता येईना. नवरीचे केस बांधायला हात उचलला की डोळ्यांत पाणी यायचं आणि नवरीला वाटायचं मी भावुक झाले.

वाशीच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं, शरीर परक्या वस्तूभोवती आपलं आवरण धरतं, काहीजणींचं ते आवळत जातं, तसं तुमचं झालंय. काढून नव्या बसवू. रिक्षाचं टायर बदलावं तसं बोलले. त्या नव्यांचंही असंच झालं तर? म्हणाले, परत बघू. पुण्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी निवांत बसवून सगळं समजावलं: नुसत्या पिशव्या काढता येतील, आवरणासकट काढता येतील, नव्या घालता येतील किंवा न घालताही चालेल. नव्या नाही घातल्या तर कातडी सैल पडेल, पूर्वी होतं तसंही राहणार नाही. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय?" फी भरून, पुण्यापर्यंत जाऊन, मी हे विचारून घ्यायला आले होते?

इंटरनेटवर वाचलं. एक म्हणते, काढल्या आणि माझी डोकेदुखी, थकवा, केस गळणं, सगळं गेलं. दुसरी म्हणते, काढल्या आणि मी रोज रडते. महेशला विचारलं. तो म्हणाला, "तू ठरव." या दोन शब्दांवरून मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. बसवतानाही हाच, काढतानाही हाच. याच्या घरात काही होतं तरी का याच्या परवानगीशिवाय? परवानगी देतो, जबाबदारी मात्र घेत नाही. पण त्याच्यावर ओरडून मला हायसं वाटायचं, कारण मग खरा प्रश्न बाजूला राहायचा.

खरा प्रश्न पिशव्यांचा नव्हताच. काढायच्या हे माझं पुण्याहून येतानाच ठरल्यासारखं होतं. नव्या घातल्या की पुन्हा आवळणं, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खोटं. पश्चात्ताप वगैरे नाही—मला नुसता कंटाळा आला होता. पण काढायच्या तर आईंना काय सांगायचं? खरं सांगायचं म्हणजे गाठ कधी नव्हतीच, तुमची इतकी वर्षं फुकट गेली, हे सांगायचं. गाठ परत आली म्हणायचं, तर त्यांचा नवस फळला नाही असं व्हायचं. बाहेरगावी जाते म्हणायचं, तर परत आल्यावर सपाट झालेली छाती आणि पट्ट्या कुठे ठेवायच्या? मी दिवस ढकलत राहिले. दुखणं वाढत गेलं. एकदा उसनं धाडस करून आईंजवळ जाऊन बसलेही. त्या वाल सोलत होत्या. मीही चार शेंगा सोलल्या आणि उठले.

शेवटी त्यांनीच विचारलं. मी गॅसवरून कुकर उचलायला गेले आणि हात तसाच राहिला. आई मागे उभ्या होत्या. "दुखतंय?" म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "तीच गाठ गो?"

मला दोन वाटा होत्या, आणि एक सेकंद होता. मी म्हणाले, "हो. वाटतंय तसं."

आई खाली बसल्या. ओट्याला पाठ लावून, जमिनीवरच. मला वाटलं चक्कर आली. पण त्या मला सांगायला लागल्या, अगदी चोरी पकडली गेलेल्या पोरीसारख्या, खाली बघत. बेलपाड्याला भावाच्या नातीची हळद होती. कोलंबीचं मोठं टोप त्यांच्याकडे दिलेलं. पंगत बसायला आलेली, मीठ बघायला हाताशी कोणी नव्हतं. "बोट लावलं. जिभंला बोट लावलं येवडंच. थुकायला गेले तर कुनीतरी हाक मारली, नि गिलली." मग म्हणाल्या, "तुला सांगनार होते. सांगायची हिंमत नाय झाली."

सांगायची हिंमत नाही झाली—हे त्या मला म्हणत होत्या. मला.

आणि मी काय केलं? मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात धरला आणि म्हणाले, असं काही नसतं हो आई. एवढंच. तेही इतक्या मऊ आवाजात की त्यांना वाटावं, ही मोठ्या मनानं माफ करतेय. दुसऱ्या दिवशी त्या देवीसमोर नाक घासायला गेल्या. महेशनं स्कूटरवर नेलं. त्याला खरं माहीत होतं, तरी तो बाहेर स्कूटरला टेकून उभा राहिला आणि आई आतून येईपर्यंत फोनवर बोलत बसला. आल्या तेव्हा त्यांच्या नाकाचा शेंडा सोललेला होता. मी हळद लावली. रात्री महेशला म्हणाले, तू का नाही अडवलंस? तो म्हणाला, "मी काय सांगून अडवू? तू सांग ना." यावर मला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो त्याच्यावर काढता येईना.

मग मी पुण्याच्या डॉक्टरबाईंना फोन केला आणि तारीख घेतली. आवरणासकट काढा, नव्या नकोत. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. एवढ्या दिवसांत न सुटलेलं एका फोनमध्ये सुटलं, कारण आता आईंना काय सांगायचं हा प्रश्न उरला नव्हता. तो त्यांनीच सोडवून दिला होता, स्वतःच्या अंगावर घेऊन. मी नुसती त्यांच्या आडोशाला उभी राहिले. माझा गुन्हा तुम्ही कुठे धराल मला माहीत नाही—हौसेत, पहिल्या खोट्यात, त्या ओट्याखाली. मी इतकी वर्षं तो यातच कुठेतरी धरत होते. पण अजून एक आहे.

ऑपरेशन ठीक झालं. घरी आले. महेशची रजा संपली, तो कामाला गेला. मला वाटलं मी एका हातानं अंघोळ करीन. कडी न लावताच बसले, कारण कडीपर्यंत हात जात नव्हता. आई दार ढकलून आत आल्या, पदर खोचला, पाणी विसणलं आणि पाटावर बसल्या. मी नको नको म्हणत होते. "गप बस," म्हणाल्या, "पह्यल्यांदा बघतेय का तुला?" ड्रेसिंग त्या दिवशीच निघालं होतं, वर नुसत्या चिकटपट्ट्या होत्या. त्यांनी माझा पंचा बाजूला केला.

छाती रिकामी होती. कातडी सैल लोंबत होती. आणि खाली दोन आडवे व्रण होते—डावीकडे एक, उजवीकडे एक, एकाच लांबीचे, एकाच जागी. मी सांगितलेली गाठ डावीकडची होती. आई बघत राहिल्या. एका व्रणावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. मला वाटलं, आता कळलं यांना. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आता या विचारतील, आणि विचारलं की मी सांगेन. मला स्वतःहून सुरुवात करायला लागणार नाही.

आईंनी तांब्या बादलीत सोडला. माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाल्या, "मी येकदाच चाखलेलं गो." मग तांब्या परत हातात घेऊन, "येकदाच. नि दोनीकडं?"

मी म्हणाले, "हो. दोन्हीकडे होत्या." आणि मग म्हणाले, "पाठीवर घाला, आई. पाणी निवतंय."

त्यांनी घातलं.